एका निकालपत्राचें परीक्षण

निकालपत्र हें वाङ्मय होय काय, असा प्रश्न कोणीं विचारला तर आमच्यांतील बहुतेक साहित्यिक हंसून मान फिरवतील. कायद्याची भाषा रूक्ष, तिचा हेतु व्यावहारिक आणि तिचा वाचक म्हणजे पक्षकार व वकील, एवढें म्हटलें कीं त्यांच्यापुरता हा विषय संपतो. परंतु हेच साहित्यिक शिवकालांतील व पेशवाईंतील महजर, करीने आणि निवाडपत्रें मराठी गद्याचे नमुने म्हणून आदरानें वाचतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं असले कागद धुंडाळून छापले व त्यामुळें आपल्या गद्याच्या इतिहासास भक्कम पाया मिळाला, हें सर्वमान्य आहे. पाटिलकीच्या एखाद्या जुन्या तंट्याचा निवाडा जर वाङ्मयाच्या पंक्तीस बसतो, तर ज्या तंट्यांत एका समाजाचा सार्वजनिक पाण्यावरील हक्क पणाला लागला होता, त्याच्या निवाड्याकडे टीकाकारानें पाठ कां फिरवावी?

हा विचार मनांत येण्यास निमित्त झालें तें ठाण्यांतील एका रस्त्याचें. टेंभी नाक्यावरून कोर्ट नाक्याकडे पायीं जाणारा मनुष्य थोडक्या वेळांत दोन जगांतून जातो. टेंभी नाक्यावर नवरात्रांत देवीच्या दर्शनास लोटणारी गर्दी. पुढें न्यायालयाच्या आसपास वकिलांचे काळे डगले आणि कागदांचीं भेंडोळीं उराशीं धरून तारखेची वाट पाहणारे खेड्यापाड्यांचे पक्षकार. आणि कोर्ट नाक्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा. १४ एप्रिल रोजीं त्या पुतळ्यापाशीं जो जनसमुदाय लोटतो, त्यांतील लहान पोरासही महाडचें चवदार तळें ठाऊक असतें. परंतु त्या तळ्याच्या कज्ज्याचें पहिलें अपील याच ठाणें शहरच्या न्यायालयांत चाललें आणि येथेंच तें फेटाळलें गेलें, ही गोष्ट त्या समुदायांतील किती जणांस ठाऊक असेल? दोष त्यांचा नाहीं. ज्यांनीं ती सांगावयाची ते आम्ही लिहिणारे लोक सत्याग्रहाच्या दोन दिवसांवर थांबलों आणि पुढील दहा वर्षांकडे वळलों नाहीं.

तेव्हां प्रथम हकीकत थोडक्यांत सांगितली पाहिजे. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबई विधिमंडळांत रावबहादुर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशानें बांधलेलीं वा सरकारनें स्थापिलेल्या संस्थांच्या ताब्यांतील पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हीं अस्पृश्य गणलेल्या लोकांस खुलीं असावीं, असा त्याचा आशय होता. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं त्यास अनुसरून तळें खुलें केल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला व पाणी तळ्यांत राहिलें. १९ व २० मार्च १९२७ रोजीं कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाडास भरली आणि दुसऱ्या दिवशीं डॉ. आंबेडकर व त्यांच्यामागून सहस्रावधि माणसें तळ्यावर जाऊन पाणी प्यालीं. त्यावर दंगा झाला, तळ्याची "शुद्धि" झाली आणि ऑगस्ट १९२७ मध्यें नगरपालिकेनें आपला ठरावही मागें घेतला. डिसेंबरांत पुन्हां सत्याग्रह होणार असें ठरतांच १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या दिवाणी न्यायालयांत नरहरि दामोदर वैद्य प्रभृतींनीं दावा गुदरला. तळें सवर्ण हिंदूंच्या मालकीचें, त्याच्या पाण्यावर त्यांचाच हक्क, असें ठरवून मिळावें व प्रतिवादींस कायमची मनाई व्हावी, अशी मागणी होती. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. परिषद भरली, २५ डिसेंबर रोजीं मनुस्मृति जाळली गेली; पण तळ्याचें पाणी कोणी घेतलें नाहीं.

या शेवटच्या वाक्यांतील नाट्य आमच्या नाटककारांस कसें दिसलें नाहीं, याचें नवल वाटतें. सहस्रावधि माणसें तुरुंगांत जाण्याच्या तयारीनें आलेलीं, पाणी हाकेच्या अंतरावर, आणि मध्यें आडवा काय तर न्यायालयाचा एक कागद. त्या कागदाचा मान राखण्याचा सल्ला ज्यानें दिला तोच सत्याग्रहाचा पुढारी, व तोच दाव्यांतील पहिला प्रतिवादी. आमचा तंटा सरकारशीं नाहीं, सरकारशीं झुंज लावून घेऊन स्पृश्यांचें काम सोपें करावयाचें नाहीं, ही त्यामागची भूमिका. संतापलेल्या समुदायास पुढें चला म्हणणें सोपें. थांबा, हा तंटा आपण कोर्टांत जिंकूं, असें सांगून थांबविणें फार कठीण. येथून जी लढाई सुरू झाली ती फिर्याद व कैफियत, साक्षी व उलटतपासणी, तारखा व तहकुबी यांची. फेब्रुवारी १९२८ मध्यें तात्पुरती मनाई उठली. ८ जून १९३१ रोजीं महाडच्या न्यायाधीशांनीं दावा काढून टाकला. ३० जानेवारी १९३३ रोजीं ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनीं अपील फेटाळलें. आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति एन. जे. वाडिया यांनीं दुसरें अपीलही खर्चासह फेटाळून लावलें. ओंजळभर पाणी प्याल्याच्या दिवसास दहा वर्षें पुरीं होण्यास तेव्हां तीनच दिवस उणे होते.

आमच्या परीक्षणाचा विषय हें शेवटचें निकालपत्र होय. महाराष्ट्र शासनाच्या आंबेडकर ग्रंथमालेंतील १७ व्या इंग्रजी खंडाच्या पहिल्या भागांत, २००३ सालीं, या कज्ज्याचे कागद एकत्र छापले गेले आहेत. ज्यास इंग्रजी येतें त्यास ते दुर्लभ नाहींत. निकाल न्या. ब्रूमफील्ड यांनीं लिहिला. १९२२ सालीं अहमदाबादेस महात्मा गांधींस सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच, हें वाचकांस आठवत असेलच. त्या खटल्यांतील त्यांचें भाषण आरोपीविषयींच्या आदरानें भरलेलें होतें व म्हणून तें प्रसिद्धीस पावलें. महाडच्या निकालांत मात्र भावनेचा टिपूसही आढळत नाहीं. आरंभींच प्रतिवादी कोण हें सांगतांना त्यांनीं "अस्पृश्य" या शब्दामागें "तथाकथित" असें विशेषण योजिलें आहे. पुढील सर्व लेखांत न्यायमूर्तींच्या मनाचा कल दर्शविणारा शब्द शोधूं गेल्यास एवढा एकच हातीं लागतो.

या लेखाची रचना समजण्यास तिन्ही न्यायालयांचीं मतें शेजारीं ठेवून पाहिलीं पाहिजेत. तळें वादींच्या मालकीचें नाहीं, तें कायद्यानें नगरपालिकेकडे आहे, हा मुद्दा लवकरच निकालांत निघाला. मग वादींपाशीं उरली ती वहिवाट. अस्पृश्य लोक या तळ्यावर कधींही येत नसत, ही रूढी अनादि आहे व म्हणून ती कायद्याइतकीच बंधनकारक आहे, असें त्यांचें म्हणणें. महाडच्या न्यायाधीशांनीं दीर्घकाळची वहिवाट शाबीत धरली, परंतु एका वर्गानें पाणी वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं एवढ्यावरून पहिल्यास दुसऱ्याला अडविण्याचा हक्क मिळत नाहीं, असा निर्णय दिला. ठाण्याच्या न्यायाधीशांनीं याहून खोल पाया खणला. वहिवाट माणसांच्या आठवणीपुरती असेल. ती अनादि आहे हें मुळीं शाबीतच झालेलें नाहीं, असें त्यांनीं म्हटलें. उच्च न्यायालयानें जो मुद्दा उचलून धरला तो ठाण्याचा. म्हणजे ज्या खुंटीवर अखेरचा निकाल टांगला गेला ती खुंटी ठाण्यांत ठोकली गेली होती. टेंभी नाक्याच्या परिसरास स्वतःचा अभिमान वाटावा अशा गोष्टी अनेक असतील. त्यांत हीही एक गणली जावी, असें आम्हांस वाटतें.

आतां गुणांकडे वळूं. आमच्या मतें या निकालपत्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्यांतील स्थळवर्णन. तळें केवढें, त्याच्या चोहों बाजूंस रस्ते कसे, रस्त्यांपलीकडे कोणाचीं घरें, हें न्यायमूर्ति शांतपणें सांगत जातात. वाचकास प्रथम वाटतें कीं ही केवळ प्रास्ताविक माहिती आहे. परंतु पुढें वहिवाटीचा प्रश्न आला म्हणजे तेंच वर्णन प्रमाण म्हणून उभें राहतें. आज तळ्याभोंवतीं सवर्णांचीं घरें आहेत हें खरें. पण तीं घरें होण्यापूर्वीं काय होतें? नगरपालिका नव्हती, रस्ते नव्हते, तळें उघड्यावर होतें, त्या काळीं त्याचें पाणी केवळ आपल्यासाठीं राखून ठेवण्याचा प्रयत्न कोणी केला असेल हें संभवनीय वाटत नाहीं, असा त्यांचा तर्क आहे. ही शुद्ध कल्पनाशक्तीची करामत होय. जी रूढी सनातन म्हणून मिरवीत होती, तिच्या मागें जाऊन घरें नसलेलें तळें न्यायमूर्तींनीं डोळ्यांपुढें आणिलें, आणि सनातनत्वाचा डोलारा आपोआप खालीं बसला. सनातन म्हणविणारी गोष्ट बहुधा घरांच्या रांगेइतकीच जुनी असते, हा धडा शंभर समाजसुधारणेच्या व्याख्यानांतून जितका ठसणार नाहीं तितका या चार वाक्यांतून ठसतो.

दुसरा गुण म्हणजे शाबितीचा भार कोणावर, याचें भान. गांवांत अस्पृश्य मनुष्यास प्रत्येक पावलास आपला हक्क सिद्ध करावा लागे: या रस्त्यानें कां आलास, या विहिरीपाशीं कां उभा राहिलास, या शाळेंत कां बसलास? न्यायालयांत हा क्रम उलटला. तूं पाणी कां प्यालास, असें प्रतिवादीस कोणी विचारलें नाहीं. तूं त्याला कोणत्या आधारावर अडवितोस, असें वादीस विचारलें. अडविणाऱ्यानें आधार दाखवावा; न दाखवितां आला तर पाणी सर्वांचें. तळागाळांतील लोकांच्या हक्कांसाठीं कायद्याचा मार्ग धरण्यांत जें सार आहे तें हेंच, असें आम्हांस वाटतें. कायदा दुर्बळास सबळ करीत नाहीं. पण घटकाभर कां होईना, सबळास उत्तर देण्याच्या जागीं उभा करतो.

परंतु गुण गाऊन थांबणारा टीकाकार तो भाट होय. या निकालपत्रांत एक मोठी पोकळी आहे आणि ती झांकण्यांत अर्थ नाहीं. ही रूढी अन्याय्य आहे काय, ती सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, या प्रश्नापाशीं न्यायमूर्ति येतात, आणि वादींस अनादि वहिवाटच सिद्ध करतां आली नसल्यामुळें त्यांत शिरण्याचें कारण उरत नाहीं, असें म्हणून परत फिरतात. खालच्या न्यायालयांत तो मुद्दा रीतसर घेतला गेला नव्हता, हेंही ते नमूद करतात. म्हणजे वहिवाट जर सिद्ध झाली असती तर? चारपांचशें वर्षांचा एखादा दस्तऐवज वादींच्या हातीं लागला असता, तर तहानलेल्या मनुष्यास तळ्यावरून हांकून देणें कायदेशीर ठरलें असतें काय? निकालपत्र या प्रश्नास उत्तर देत नाहीं. सर्व लेखांत तळें आहे, रस्ते आहेत, घरें आहेत, नगरपालिका आहे. तहान मात्र कोठेंही नाहीं. जो मनुष्य पाणी प्याला आणि म्हणून मार खाऊन घरीं गेला, त्याचा चेहरा या पृष्ठांवर उमटत नाहीं.

यावर कायदेपंडित म्हणतील कीं न्यायाधीशानें नेमक्या वादांतील मुद्यांपुरतेंच बोलावें, हीच त्याची शिस्त. आणि मोठें सूत्र सांगून निकाल देणाऱ्यापेक्षां लहान मुद्यावर निकाल देणाऱ्याचा निकाल अधिक टिकतो. हें म्हणणें आम्ही खोटें ठरवीत नाहीं. सुनीतास कादंबरीचे नियम लावूं नयेत, त्याप्रमाणेंच निकालपत्रास निबंधाचे नियम लावूं नयेत. तथापि आमचा आक्षेप निकालपत्रावर कमी आणि त्याच्या वाचकांवर अधिक आहे. उच्च न्यायालयानें अस्पृश्यांचा पाण्याचा हक्क जाहीर केला, असें आपण सर्रास लिहितों व बोलतों. निकाल वाचला म्हणजे दिसतें कीं तसें त्यांत नाहीं. अडविणाऱ्यांचा दावा शाबीत झाला नाहीं, एवढेंच त्यांत आहे. या दोहोंतील अंतर लहान नव्हे. पहिलें वाक्य मनुष्यत्वाविषयीं आहे, दुसरें पुराव्याविषयीं. पहिलें वाक्य लिहावयाचें राहून गेलें होतें, आणि तें लिहिण्याचें काम पुढें बाकी होतें, हें ज्यानें ओळखलें नाहीं त्यानें विजयाचें माप चुकीचें घेतलें.

येथें शैलीचाही एक विचार करण्यासारखा आहे. ३ एप्रिल १९२७ रोजीं, म्हणजे तळ्यावरील प्रसंगानंतर दोनच आठवड्यांनीं, डॉ. आंबेडकरांनीं "बहिष्कृत भारत" हें पाक्षिक सुरू केलें. त्यांतील महाडविषयक अग्रलेख ज्यांनीं वाचले असतील त्यांस ती धारदार, उपरोधानें भरलेली, प्रसंगीं दाहक अशी मराठी विसरतां येणार नाहीं. तेथें तहान आहे, अपमान आहे, जनावरास चालणारें पाणी माणसास कां चालूं नये हा रोकडा सवाल आहे. त्याच वर्षीं त्याच वादाचें कोर्टांतील लेखन पाहावें तर तेथें नगरपालिकेचा कायदा, मालकी, ताबा, वहिवाट. एकाच चळवळीचीं हीं दोन गद्यें आहेत. एक आपल्या माणसांस उभें करण्यासाठीं, दुसरें परक्याच्या भाषेंत परक्याच्या नियमांनीं परक्यासमोर जिंकण्यासाठीं. आमच्या वाङ्मयेतिहासानें पहिल्याची दखल घेतली. दुसऱ्यासाठीं त्यांत अजून रकानाच नाहीं. परंतु पहिल्यावांचून दुसरें निर्जीव ठरलें असतें आणि दुसऱ्यावांचून पहिल्यास मनाई हुकुमापाशींच थांबावें लागलें असतें.

या विजयाची किंमतही मोजली पाहिजे. दहा वर्षें म्हणजे काय? १९३० सालच्या मार्चांत नाशकास काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला व पांच वर्षांनीं तो सोडून देण्यांत आला. १९३५ च्या ऑक्टोबरांत येवल्यास धर्मांतराची घोषणा झाली. १९३७ च्या आरंभीं डॉ. आंबेडकर स्वतंत्र मजूर पक्षातर्फें मुंबईच्या विधानसभेवर निवडून आले. उच्च न्यायालयानें तळ्याचा निकाल दिला तेव्हां ज्यानें तळें मागितलें होतें तो तळ्याच्या पुष्कळ पुढें निघून गेला होता. न्याय उशिरां आला तर तो नाकारल्यासारखाच, असें आपण म्हणतों. येथें तो नाकारला गेला नाहीं खरा, परंतु तो पोहोंचला तेव्हां ज्याच्या दारीं यावयाचें तो घर बदलून गेला होता.

परदेशांतही हीच कथा घडलेली दिसते. अमेरिकेंत माँटगोमेरी शहरांतील काळ्या नागरिकांनीं ५ डिसेंबर १९५५ पासून वर्षाहून अधिक काळ बसगाड्यांवर बहिष्कार घातला, हें जगास ठाऊक आहे. रोझा पार्क्स व मार्टिन ल्यूथर किंग यांचीं नांवें आपल्या शाळकरी मुलांसही माहीत असतात. परंतु गाड्यांतील वर्णभेद कायद्यानें संपला तो चार स्त्रियांच्या वतीनें फ्रेड ग्रे या तरुण वकिलानें चालविलेल्या निराळ्या दाव्यामुळें, ज्याचा निर्णय १३ नोव्हेंबर १९५६ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कायम केला. त्या चौघींचीं नांवें तिकडेही फारशीं कोणाच्या ओठांवर नाहींत. मिरवणूक लक्षांत राहते, वकीलपत्र विसरलें जातें. दोन्ही देशांतील या दुखण्याचें साम्य डॉ. आंबेडकरांनीं स्वतः हेरलें होतें. १९४६ सालीं त्यांनीं ड्यू बॉइस यांस पत्र लिहून अमेरिकेंतील काळ्या लोकांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयीं चौकशी केली होती.

आतां निकालपत्रांतील त्या पोकळीचें पुढें काय झालें तें सांगून हें परीक्षण पुरें करूं. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड वाचकांनीं काढून पाहावा. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकास दुकानें, उपाहारगृहें यांत जाण्यास, तसेंच राज्याच्या पैशानें राखलेल्या किंवा सर्वांसाठीं सोडलेल्या विहिरी, तळीं, स्नानघाट, रस्ते यांचा उपयोग करण्यास अडवितां येणार नाहीं, असा त्याचा आशय आहे. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यांत तळ्याचें नांव यावें, ही गोष्ट प्रथम वाचणारास चमत्कारिक वाटेल. महाडचा कज्जा ज्यानें वाचला आहे त्यास ती वाटणार नाहीं. वहिवाट शाबीत झाली असती तर काय, हा जो प्रश्न १९३७ सालीं अनुत्तरित राहिला, त्याचें उत्तर या खंडांत व अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या १७ व्या अनुच्छेदांत आहे: वहिवाट शाबीत असो वा नसो, मनुष्यास अडवितां येणार नाहीं. पुढें १९५५ सालचा अस्पृश्यतेसंबंधींचा कायदा, ज्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असें नांव पडलें, याच रोखानें आला. निकालपत्राचा जो परिच्छेद न्यायमूर्तींनीं लिहिला नाहीं तो मसुदा समितीच्या अध्यक्षांनीं, म्हणजे त्याच दाव्यांतील पहिल्या प्रतिवादीनें, तेरा वर्षांनीं पुरा केला, असें म्हटलें तर तें केवळ अलंकारिक होणार नाहीं.

म्हणून आमचें मागणें लहानच आहे. या कज्ज्याचे कागद, विशेषतः तिन्ही न्यायालयांचे निर्णय, चांगल्या मराठींत, टीपांसह, शाळा-महाविद्यालयांतून वाचतां येतील असे उपलब्ध व्हावे, आणि जुन्या निवाडपत्रांशेजारीं त्यांना आपल्या गद्यसंग्रहांत जागा मिळावी. भाषांतर करणाऱ्यास शब्दांची वाण पडणार नाहीं. फिर्याद, कैफियत, वहिवाट, ताबा, शाबिती हे सारे शब्द आपल्या घरचे आहेत. हें केवळ वाङ्मयाच्या प्रेमानें आम्ही म्हणत नाहीं. कोर्ट नाक्यावर आजही कागदांचें भेंडोळें उराशीं धरून जो पक्षकार बसलेला असतो, त्याला पुतळ्याचा आधार वाटतोच. पण त्या पुतळ्याच्या धन्यानेंही आपल्यासारख्याच तारखा मोजल्या होत्या, आणि त्याच्या कज्ज्याचें अपील याच ठाण्यांत चाललें होतें, हें कळलें तर त्याचा आधार कांहीं निराळा होईल. पुतळ्यास हार घालणें वर्षांतून एकदां होतें. तारखेची वाट पाहणें रोजचें आहे.